रकाना कोण आखतं?

(बुलढाणा येथे कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मोबाइलचं आणि संगणकाचं ॲप कसं तयार करावं' असा विषय छापलाय. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलंच, "ताई, हे पोट्ट्याईचं काम. आपन काहून करायचं?" प्रश्न बरोबर आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय, संगणकाचं शिक्षण नाही घेतलं. तज्ज्ञ म्हणून मी इथे उभी नाही. एक मोठी चूक करून त्यातून शिकलेली कार्यकर्ती म्हणून उभी आहे. ती चूक सांगणारच आहे, पण आधी एका रकान्याची गोष्ट.

२०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, ते तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. आधी बाईचा आधार क्रमांक आणि तिच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. आमच्या केंद्रात तेव्हा रोज रांग लागायची. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी टाकलेली, वडील वारलेले, अशी एक बाई माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, याच्यात माह्यासाठी जागाच नाही." मी स्क्रीनकडे पाहिलं. खरंच नव्हती. नवऱ्याचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी ज्याने पोटगी दिली नाही तो ओटीपी देणार होता काय?

ओरड झाली. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या व घटस्फोट झालेल्या स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली: स्वतःची केवायसी करा आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या. चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईकडे कुठला कागद असतो? टाकल्याचा दाखला कुठल्याच ग्रामपंचायतीत मिळत नाही.

जुन्या मैत्रिणींना आठवेल, १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. त्या काळापासून महाराष्ट्रातली चळवळ मागत आली की टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड द्या, तिला स्वतंत्र माणूस म्हणून मोजा. रेशनकार्डावरचा तोच रकाना आता मोबाइलमध्ये आलाय. फरक एवढाच, की पूर्वी तलाठ्याशी, पुरवठा निरीक्षकाशी भांडता यायचं. तो माणूस होता, कधीकधी समासात काही लिहून घ्यायचा. स्क्रीनला समास नसतो. रकाना भरला नाही तर पुढचं पान उघडतच नाही.

म्हणून मी म्हणते, ॲप म्हणजे काही जादू नाही. कुणीतरी बसून आखलेले रकाने आहेत ते. कोणते प्रश्न विचारायचे, कोणते पर्याय द्यायचे, कशावाचून अडवायचं, हे सगळं कुठल्या तरी टेबलाशी ठरतं. त्या टेबलाशी आपण नसतो.

अंगणवाडीच्या ताई इथे बसल्यात. त्यांना वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये सरकारने मोबाइल दिले. २०२१ च्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं, तेव्हा ते इंग्रजीत. फोनची जागा भरून जायची, फोन मध्येच अडकायचा, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी ते मोबाइल परत केले. मला ते आंदोलन फार महत्त्वाचं वाटतं. मानधनासाठी आपण कितीदा मोर्चे काढले, पण एखादं ॲप वापरण्याजोगं नाही म्हणून हजारो बायकांनी रस्त्यावर येणं, हे नवीन होतं. त्या बायांना कुणी आधी दोन तास बोलावून विचारलं असतं तर काय काय चुकतंय ते त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका तरुणांच्या गटाने आमच्या समुपदेशन केंद्राला फुकट ॲप करून द्यायची तयारी दाखवली. मुलं भली होती. केंद्रात येणाऱ्या बाईची नोंद, पुढची तारीख, तारखेच्या आदल्या दिवशी तिच्या फोनवर आठवण. मला ते फार आवडलं. बाया तारखा विसरतात ही माझी तक्रार असायची. मी एकदा पाहिलं, हो म्हटलं, सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात एका बाईच्या फोनवर संध्याकाळी आठवण आली, आमच्या केंद्राच्या नावासकट. फोन तिच्या हातात नव्हता, नवऱ्याच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली नाही. चार दिवसांनी दवाखान्यातून तिच्या बहिणीचा फोन आला.

ती वाचली, आज बरी आहे. पण त्या मुलांना मी दोष देऊ शकत नाही. फोन कुणाच्या हातात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी सांगते की देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया शंभरात ५४. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३, आणि खेड्यात तर २५ सुद्धा नाहीत. म्हणजे 'बाईचा फोन' म्हणून आपण जो नंबर लिहून घेतो तो पुष्कळदा घराचा फोन असतो. घराचा म्हणजे कुणाचा, ते तुम्हीच सांगा.

त्यानंतर मी ठरवलं, हे काम समजून घ्यायचं. आता जे सांगते ते त्या शिकण्यातून आलंय. वह्या काढा.

सर्वात आधी विचारा, ॲप लागतं का? दहातल्या सहा वेळा लागत नाही. बचत गटाची पंचवीस बायांची नोंदवही चांगली चाललेली असेल तर तिला हात लावू नका. ॲप लागतं तेव्हा, जेव्हा तीच माहिती चार ठिकाणी परत परत लिहावी लागते, किंवा वीस गावांची माहिती एकत्र करून तहसीलदारापुढे ठेवायची असते.

दुसरं, संगणक उघडण्याआधी कागद घ्या. एका कागदावर एक प्रश्न लिहा, तो कागद म्हणजे एक स्क्रीन. ज्या बाईसाठी करताय तिला समोर बसवा, कागद पुढे करा, तिने बोट ठेवलं की पुढचा कागद द्या. मध्ये बोलू नका, समजावू नका. ती जिथे थांबते तिथे तुमचा प्रश्न चुकलाय. आम्ही 'वैवाहिक स्थिती' असं लिहिलं होतं, खाली चार पर्याय. पहिल्याच बाईने विचारलं, "हे काय व?" मग आम्ही ते काढलं आणि विचारलं, "घरात तुमच्यासोबत कोण राहतं?" आम्हाला खरं तर तेच जाणून घ्यायचं होतं. नकारार्थी प्रश्न टाळा. 'तुमच्याकडे शेती नाही ना?' याला हो म्हणावं की नाही, यात मीही गोंधळते. आणि प्रत्येक प्रश्नाला 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा.

मग हत्यारं. गावपाहणीसाठी ओडीके आणि कोबो ही दोन साधनं मी वापरली. ओडीके २००८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं, आणि कोबोचं मोबाइलवरचं ॲप त्याच्यावरच उभं आहे. कोबोवर छोट्या संस्थांना मर्यादेत फुकट काम करता येतं. गंमत म्हणजे यात प्रोग्रामिंग नाहीच. एक्सेलचा तक्ता बनवता येणारी कुणीही फॉर्म तयार करू शकते. एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय; अमुक उत्तर आलं तरच पुढचा प्रश्न दिसावा, ही अट वेगळ्या रकान्यात. नेट नसलं तरी फॉर्म भरतो, फोनमध्ये साठतो, आणि रेंजमध्ये आलं की पुढे जातो. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना याची किंमत कळेल.

त्याच भागात कोरकू बोलणाऱ्या बाया आहेत, निहाली बोलणाऱ्या आहेत. निहाली ही तर जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं न सापडलेली भाषा, आणि ती आपल्या जिल्ह्यात बोलली जाते. तिथे मराठी फॉर्म म्हणजे आपणही सरकारसारखंच केलं. या साधनांत प्रश्नाला आवाज जोडता येतो. तिथल्याच एखाद्या मुलीकडून प्रश्न बोलून घ्या, बटण दाबलं की ऐकू येईल.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. अशी माहिती बहुधा परदेशातल्या सर्व्हरवर जाते. पाणी, रेशन, रोजगार हमीची पाहणी असेल तर चालेल. हिंसेच्या केसेस तिथे टाकू नका. त्यासाठी केंद्रात एक जुना संगणक पुरतो, नेटला न जोडलेला. लिबरऑफिस फुकट मिळतं, त्यातल्या 'बेस'मध्ये नोंदणीची चौकट तयार करता येते. बाईचं नाव एका वहीत कुलपात, संगणकात फक्त क्रमांक. पासवर्ड दोघींनाच ठाऊक. आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जो अहवाल जातो, त्याचे मुद्देच रकाने म्हणून घ्या, म्हणजे दोनदा लिहावं लागत नाही.

आणि मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. आमच्या संस्थेची जुनी टिपणं वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. आज उघडली तर गिचमिड दिसते. कित्येक बायांच्या साक्षी त्यात अडकून पडल्यात, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्यांना खरोखरचं ॲप करून पाहायचंय त्यांच्यासाठी 'ॲप इन्व्हेंटर'. २०१० मध्ये गूगलने ते सुरू केलं, पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेकडे गेलं. फुकट आहे, संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे: 'बटण दाबलं की', त्याला 'हा नंबर लाव'. करता करता लगेच आपल्या फोनवर दिसतं. हे फार हुशार लोकांचं काम आहे असं वाटत असेल तर धारावीकडे पाहा. नवनीत रंजन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'धारावी डायरी'त वस्तीतल्या शाळकरी मुलींनी याच साधनावर ॲप केली. एक संकटात सापडलेल्या बाईसाठी, 'विमेन फाइट बॅक'. दुसरं 'पानी है जीवन', नळावरच्या रांगेत आपला नंबर आला की कळवणारं. मला दुसरं जास्त आवडतं. बाहेरच्या माणसाला ते सुचलंच नसतं, रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीलाच सुचलं.

पहिल्यांदा अगदी छोटं करा. एका स्क्रीनवर चार बटणं: ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि आपलं केंद्र. एका दुपारचं काम आहे. ॲपचं नाव आणि चित्र असं ठेवा की कुणी फोन चाळला तरी शंका येऊ नये. ठिकाण, फोटो, फोनमधले नंबर, यांची परवानगी मागू नका. जे लागत नाही ते घ्यायचंच नाही. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केलाय, पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं.

प्ले स्टोअरवर ठेवायचं तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. तपासण्याही बऱ्याच असतात. न ठेवता फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते, पण इथे मी अडते. एकीकडे आपण बायांना सांगतो की अनोळखी एपीके फाइल उघडू नका, पैसे जातील. दुसरीकडे आपणच ती पाठवायची? मी पाठवत नाही. बाई समोर बसली असेल, तिची इच्छा असेल, तर तिच्या फोनवर तिच्यादेखत टाकते आणि काढायचं कसं हेही त्याच वेळी शिकवते.

तपासणी नेहमी सर्वात स्वस्त, काच फुटलेल्या, भरलेल्या फोनवर करा. माझ्या फोनवर सगळंच चालतं.

तरुण मुलं मदतीला आली तर जरूर घ्या. अभियांत्रिकीच्या मुलामुलींना खरं काम हवं असतं. पण पहिली बैठक कागदावरची, ती आपल्या केंद्रात, बायांसोबत. आणि ज्या दिवशी ती मुलं नोकरीला पुण्याला जातील त्या दिवशी हे कोण चालवणार, ते आधी लिहून घ्या.

ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापायला पुण्याचा छापखाना गाठावा लागला. आपल्याला या कामासाठी पुणे लागत नाही. एक संगणक आणि बरी रेंज लागते. बरी रेंज या सभागृहाच्या गच्चीवर आहे, मी पाहून आलेय.

जेवणानंतर पाच-पाचजणींचे गट करू. प्रत्येक गटाने एकल महिलांच्या नोंदणीचा अर्ज कागदावर आखायचा, 'पती किंवा वडील' हा रकाना न वापरता. कोरे कागद आणि स्केचपेन मागच्या टेबलावर आहेत. ज्यांच्याकडे जुना, साधा फोन आहे त्यांनी तो चार्ज करून आणा, आम्हाला त्याचीच गरज आहे.