विरहगीताची दुसरी बाजू



या व्यासपीठावर आमच्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. त्यामुळे चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले, आम्ही हमालीचे दर नाही तर माथाडी कायदा सांगू. आम्ही म्हणालो, "प्रेमभंगाच्या गाण्यांवर बोलू." त्यांनी आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, पण सभ्य माणसे, त्यांनी हरकत घेतली नाही.

प्रेमभंगाच्या गाण्याला आजची पोरे 'ब्रेकअप साँग' म्हणतात. जिनिंगच्या फाटकावर, कापसाच्या गाडीवर, महागावहून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, जिथे चार तरुण तिथे हे गाणे आहेच. त्याबरोबर मोबाइलवर चित्रफीत असते. तिच्यात पाऊस असतो, दारूची बाटली असते, दुसऱ्याच्या मांडवात उभी असलेली मुलगी असते आणि शेवटी बहुधा एक मरण असते. तीन-चार मिनिटांत सारे नाटक आटोपते. वयस्क माणसे याला थिल्लरपणा म्हणून सोडून देतात. आम्हीही सोडून देत होतो. ते का जमेना, तेच आज सांगायचे आहे.

आधी आमच्या तरुणपणाची एक गंमत ऐका. नव्वदीच्या सुमारास अताउल्ला खान ईसाखेलवी नावाच्या गायकाच्या कॅसेटी हिंदुस्थानभर वाजू लागल्या. हा गायक पाकिस्तानातला, पंजाबच्या मियांवाली जिल्ह्यातील ईसाखेलचा. त्याचा आवाज असा की ऐकणाऱ्याच्या काळजात कळ यावी. त्या आवाजाबरोबर एक आवईही हिंडत होती: या माणसाने बेइमान प्रेयसीचा खून केला, त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ही गाणी त्याने तुरुंगात म्हटली. पानटपरीवर ही कथा आम्ही ऐकली, तिच्यावर विश्वास ठेवला, आणि खरे सांगायचे तर पदरची भर घालून पुढे सांगितलीही. वस्तुतः त्यात तथ्य काहीच नव्हते. ज्याला आम्ही टपरीवर बसून फासावर चढवला होता, त्याला त्याच्या देशाच्या सरकारने १९९१ साली कलेबद्दल राष्ट्रीय सन्मान दिला होता.

परंतु धंदेवाल्याला खऱ्या-खोट्याशी काय करायचे आहे? १९९५ साली गुलशन कुमार यांनी 'बेवफा सनम' हा चित्रपट काढला. प्रेयसीला गोळी घालून तुरुंगात गेलेला नायक पडद्यावर आला, आणि सोनू निगमच्या आवाजातले 'अच्छा सिला दिया' हे गाणे ट्रक, टेम्पो आणि लग्नाची वरात यांतून वर्षानुवर्षे वाजत राहिले. पुढे २०२३ साली तेच गाणे बी प्राक या गायकाच्या आवाजात नवी चित्रफीत घेऊन आले. राजकुमार राव आणि नोरा फतेही यांनी तिच्यात काम केले आहे. मधे अठ्ठावीस वर्षे गेली, कॅसेट जाऊन मोबाइल आला, वाद्ये बदलली, नट बदलले. बेइमान ठरली ती मात्र पुन्हा बाईच.

आता आमचा धंदा मधे येतो. कामगाराला कामावरून काढायचे झाले, तर आधी त्याला चार्जशीट द्यावी लागते. आरोप काय, हे लेखी सांगावे लागते. चौकशी बसते, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात, आणि कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देता येत नाही. जो फिर्यादी, तोच न्यायाधीश, असे चालत नाही. याला नैसर्गिक न्याय म्हणतात. एवढ्या एका तत्त्वासाठी आम्ही तीस वर्षे मालकांच्या दारात उभे राहिलो.

या कसोटीवर ते गाणे लावून पाहा. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच, आणि चित्रपटात तर शिक्षा देणाराही तोच! जिच्यावर आरोप आहे तिला गाण्यात एक ओळ मिळत नाही. ती फक्त दिसते. चांगली दिसते, दागिने घालून दिसते, हसताना दिसते; तिचे हसणे हाच तिच्याविरुद्ध पुरावा!

हा दोष केवळ पुरुषांच्या गाण्यात आहे, असेही नाही. अमेरिकेत टेलर स्विफ्ट नावाची गायिका आहे. तिने २०२१ साली दहा मिनिटांचे प्रेमभंगाचे गाणे काढले आणि त्यावर स्वतःच लघुपट केला. तेथे सारे मुलीच्या बाजूने आहे, आणि मुलाची बाजू जगाला कळते ती तिच्याच तोंडून. दुःख करणाऱ्याला आपलेच दुःख दिसते, तो त्याचा हक्क आहे. पण दुःख हा पुरावा नव्हे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

आपल्या मराठी मुलखाला विरहाचे गाणे काही नवे नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या कितीतरी गाथा बाईच्या तोंडच्या आहेत. नवरा परगावी गेला आहे आणि ती वाट पाहते आहे. जात्यावरच्या ओव्या तर बायांनीच रचल्या. त्यांत रुसवा आहे, टोमणा आहे. परंतु ज्याची वाट पाहायची त्यालाच गोळी घालावी, असा विचार तेथे आम्हाला आढळला नाही.

आणि मग आमच्या घरचे गाणे, अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड. अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावी जन्मले, मुंबईत गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि समोर कामगारांचा अफाट समुदाय, हीच त्या काळची चित्रफीत! त्यातला गडीही विरहाने होरपळतो. पण तो मैनेला बोल लावत नाही. पोटासाठी आपल्याला मुंबईला यावे लागले, हे त्याला ठाऊक आहे. मुंबईत तो माड्या पाहतो, त्यांच्या शेजारची भूक पाहतो, आणि आपल्या ताटातुटीचे कारण त्याला उमगते. शेवटी त्याची मैना आणि महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग यांचे दुःख एकच होऊन जाते. दोन माणसे तुटली, तर 'तोडले कोणी?' हा प्रश्न अण्णा भाऊंनी विचारला. आजचे गाणे तो प्रश्न विचारीतच नाही. त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

आता आमची स्वतःची कबुली. या तालुक्यातील एका गावचा एक तरुण हमाल आमच्या युनियनमध्ये होता. अंगाने तगडा, स्वभावाने हळवा. एके वर्षी तो कामावर येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो, तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि उशाशी मोबाइल वाजतो आहे. म्हणाला, "भाऊ, तिनं धोका देल्ला." गावातली एक मुलगी पुसदला कॉलेजात जात असे, तिचे लग्न दुसरीकडे ठरले होते. आम्हाला त्याची दया आली. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव कशामुळे देशभर झाले, हे तुम्हाला सांगायला नको. घरात फवारणीचे औषध असते, आणि तरुण पोराला एकटे सोडण्याची आम्हाला भीती वाटली. आम्ही रात्र-रात्र त्याच्याजवळ बसलो. "जाऊ दे बापू, अशीच असते दुनिया," असेही म्हणालो. तो वाचला. आम्ही मनात धन्यता मानली.

पुढे काही महिन्यांनी युनियनच्याच एका अंगणवाडीसेविकेने आम्हाला गाठले. म्हणाली, "भाऊ, तुम्ही पोराला सांभाळलं, चांगलं केलं. पोरीचं काय झालं, हे कधी इचारलं का?" मग तिने सांगितले. त्या मुलीने त्याला कधी शब्द दिला नव्हता. एसटीत ओळख होती, दोनदा बोलणे झाले होते, एवढेच. परंतु हा रोज मोबाइलवर बेवफाईचे गाणे 'स्टेटस' म्हणून लावी. नाव नसे, पण गावाला कळायला नाव लागत नाही. गोष्ट तिच्या भावापर्यंत गेली. भावाने तिचा फोन काढून घेतला, बापाने एसटीचा पास बंद केला, आणि परीक्षेच्या आधी, मिळेल त्या स्थळाशी लग्न ठरले. ज्या लग्नाला तो धोका म्हणत होता, ते लग्न त्याच्या गाण्यांनीच घडवून आणले होते!

बंधुभगिनींनो, आम्ही सुन्न झालो. दुसरी बाजू ऐका म्हणून मालकाशी भांडणारे आम्ही. आमच्याच माणसाची फिर्याद आली तेव्हा दुसरी बाजू ऐकण्याचे आम्हाला सुचलेही नाही. आम्ही त्या पोराला सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मले कोणी सांगतलंच नाही, भाऊ." आम्ही म्हणालो, "तू इचारलं नाहीस. आम्हीबी नाही." त्याने ती गाणी काढून टाकली. पण मुलीचे कॉलेज काही परत आले नाही. ते पाप अर्धे आमच्याही पदरी आहे.

यावर कोणी म्हणेल, गाण्याने कोठे कोणाचा जीव जातो? गाण्याने जात नाही, हे आम्हाला मान्य आहे. परंतु नकार म्हणजे बेइमानी, आणि बेइमानीला शिक्षा हवीच, हा समज रोज कानात पडत राहिला, तर तो कोठवर जातो? २०२० च्या फेब्रुवारीत आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, एका तरुणीला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. आठवड्याभरात ती गेली. २०२२ साली आरोपीला जन्मठेप झाली. गुन्हा त्या माणसाचा, गाण्याचा नव्हे. पण 'नाही' हे एका माणसाने दिलेले उत्तर आहे, धोका नव्हे, एवढी साधी गोष्ट आपण आपल्या पोरांना शिकवली आहे काय?

'ब्रेकअप' हा शब्द परका म्हणून आपण हसतो. आपल्याकडे त्याला शब्द होता: काडीमोड. कष्टकरी जातींत संसार जमला नाही तर पंचांसमोर काडी मोडीत, आणि दोघे मोकळे होत. बाईचा पाट लागे, तिचा संसार पुन्हा उभा राहत असे. ते पंच धर्मराज होते, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी बायांवर अन्याय पुष्कळ केले; जातपंचायतींच्या जुलमापायी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण तो शब्द पाहा. त्यात धोका नाही, खून नाही, सूड नाही. मोडायची ती काडी, माणूस नव्हे.

तरुणांनो, गाणी बंद करा असे सांगायला आम्ही आलो नाही. रडू आले तर रडा. आम्हीही टपरीवर उभे राहून रडलो आहोत. मित्र भिंतीकडे तोंड करून पडला, तर त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका. पण तो शांत झाला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा: "तिचं म्हणणं काय होतं?" आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर निकाल तहकूब ठेवा.