थांबलेली माणसं



१८३८च्या सुमारास लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. तेव्हा भिंग काही मिनिटं उघडं ठेवावं लागे. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो एका जागी उभं राहून बूट पॉलिश करून घेणारा माणूस. पुढे १९९५मध्ये सेबास्तियाव साल्गादो यांनी मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर हीच करामत मुद्दाम केली. लोकल स्पष्ट दिसतात आणि गर्दी धुरासारखी वाहते. फार मोठा फोटो आहे तो.

वऱ्हाडात मात्र फोटो थांबलेल्या माणसाचा हवा. अमरावतीला जायचं तर बरेच जण बडनेऱ्याला उतरतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसतात. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. फलाटावरचं छप्पर संपतं तिथून पुढे सावली फक्त खांबाची. ती सरकेल तशी माणसं सरकतात, डोक्याला दुपट्टा, पिशवी पायांत. ही माणसं फोटोतून काढून टाका. सिमेंट आणि लोखंड उरेल, ऊन दिसणार नाही.

आपले तरुण फोटोग्राफर पादचारी पुलावर चढतात. वरून रुळांच्या रेषा सुरेख येतात, माणूस ठिपक्याएवढा. त्या ठिपक्यामुळे जागेचा आवाका कळतो, हे खरं. पण दिवाळीनंतर मेळघाटातून कामाला निघालेली कोरकू कुटुंबं अमरावतीच्या स्टँडवर बसलेली असतात, भांडी, अंथरूण, लेकरं सगळं घेऊन. होळीला ती परत गावी जातात. वरून यातलं काय दिसणार? वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांचा हा जिल्हा आहे. इथं प्रवाशाला नक्षीसारखं वापरलेलं मला बघवत नाही.

म्हणून खाली या. आधी बोला, मग विचारा, "काढू का फोटो?" नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा. हो म्हणाले तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. आईनं लेकरासाठी पदराची सावली कशी धरली आहे, म्हाताऱ्यानं ट्रंकेवर हात का ठेवला आहे, ते तिथूनच दिसतं. आणि फोटोखाली नुसतं 'प्रवासी' लिहू नका. त्यांची हरकत नसेल तर कुठून निघाले, कुठे चालले आणि किती वेळ झाला बसून, एवढं तरी लिहा.