चिंध्यांची बालवाडी

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे बालकांच्या हाती दिले. लखनौला शिंपले कोठून मिळणार? परंतु चिकनकारी चालणाऱ्या घरी भरतकामाचे वाया गेलेले तुकडे असतातच. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, फंदा बाजरीसारखा गोल, जाळी सच्छिद्र. प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे घ्यावेत. बालकाने डोळे मिटून, केवळ स्पर्शाने त्यांच्या जोड्या लावाव्यात. कापड व दोरा जुन्या चालीप्रमाणे पांढराच हवा. रंग आला की बोटांचे काम डोळे हिरावून घेतात. सुया मात्र आधी मोजून डबीत ठेवाव्यात. जोडी चुकली, तरी आईने लगेच सांगू नये. बालकाला पुन्हा चाचपू द्यावे.