तर्री कोणत्या तेलाची?

आजचा भाग मी मूलवरून रेकॉर्ड करतोय. घराच्या माडीवर बसलोय. मागून घरघर ऐकू येत असेल तर ती राईस मिल आहे, धानाचा हंगाम आहे, ती काही माझं ऐकून बंद होणार नाही. त्या मिलचा आजच्या विषयाशी संबंध पण आहे, पुढे येईल.

विषय आहे तेल. म्हणजे रश्श्याला तेल कोणतं वापरायचं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, डाएटिशियन तर अजिबात नाही. पण या एका गोष्टीत मी घरी जो गोंधळ घातला, तो सांगण्यासारखा आहे.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी थंडीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी आईला सांगितलं, तेल कमी करा आणि तर्री बंद. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, रश्श्यावर जो लालभडक तेलाचा थर तरंगतो ती तर्री. आमच्याकडे पाहुण्याला तर्री कमी वाढली तर तो मनात धरून बसतो. आता बाबांसारख्या माणसाला तर्री बंद म्हणजे काय, कल्पना करा.

मी तेव्हा पुण्यात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हृदय आणि तेल यावर जे सापडेल ते वाचत होतो. सगळीकडे एक नाव येत होतं, कोल्ड प्रेस्ड फ्लॅक्ससीड ऑइल. ओमेगा-३ भरपूर. मी दोन बाटल्या मागवल्या आणि थेट मूलच्या पत्त्यावर पाठवल्या. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीच्या पैशात घरी तीन लिटर सोयाबीन तेल आलं असतं, पण बाबांसाठी आहे म्हटल्यावर कोण हिशोब करतो. आईला फोनवर सांगितलं, आता सगळा स्वयंपाक यातच.

आईने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तं जवसाचं तेल होय! आमी सोडलं ते, अन् तू विकत घेऊन पाठवून राहिला?"

मला तोपर्यंत खरंच माहीत नव्हतं की फ्लॅक्ससीड म्हणजे जवस. बीटेक झालोय मी. (हसतो)

तर आईने त्या रविवारी कोंबडीचा रस्सा केला. तेल तापवलं, मोहरी तडतडायच्या आधीच धूर. पूर्ण स्वयंपाकघरात धूर आणि एक वेगळाच वास, रंगाच्या डब्यासारखा. तिने तरी निभावून नेलं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. काही बोलले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात ताटात काही टाकलं नाही, तो न जेवता उठला. आईने हे मला चार दिवसांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

तिथून मी नीट वाचायला लागलो. आधी वाचायला पाहिजे होतं, मान्य.

रंगाचा वास का, हे बघा. क्रिकेटची नवी बॅट आणली की आपण तिला तेल पाजतो. कोणतं? अळशीचं. अळशी म्हणजेच जवस. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून ते ऑइल पेंटमध्येही वापरतात. हा गुण ज्याच्यामुळे येतो तोच त्यातला ओमेगा-३, अल्फा लिनोलेनिक ॲसिड. जवसाच्या तेलात तो निम्म्याहून जास्त असतो. त्याच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि उष्णता किंवा हवा मिळाली की तिथेच ऑक्सिजन चिकटतो. न गाळलेलं, न शुद्ध केलेलं जवस तेल साधारण १०७ अंशांनाच धूर सोडतं. फोडणीत मोहरी तडतडते तोपर्यंत तेल दीडशेच्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे मी ज्या ओमेगा-३ साठी पैसे मोजले, तेच आई माझ्या सांगण्यावरून जाळत होती.

गंमत म्हणजे आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने जवसाचं टीएल-९९ नावाचं वाण काढलंय, त्यात हा ओमेगा-३ मुद्दाम पाच टक्क्यांच्या खाली आणलाय. का, तर तेल स्वयंपाकात टिकावं. मी बाटलीत जे शोधत होतो ते त्यांनी बियाण्यातून काढून टाकलं!

मग प्रश्न पडतो, जुनी माणसं यातच कशी शिजवत होती? नागपुरी सावजी रश्श्याची तर ओळखच जवसाच्या तेलाची. आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याच्या पट्ट्यात धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर जवस, लाखोळी फेकतात, उतेरा म्हणतात त्याला. पाणी द्यायचं नाही, नांगरायचं नाही. घरचं जवस, गावातली घाणी, म्हणून घरचं तेल. आई सांगते, आजी ते तेल आधी कढवायची, धूर आणि उग्र वास जाईपर्यंत, मग थंड करून ठेवायची. चव त्यांच्या जिभेवर बसलेली होती. तब्येतीला ते चांगलं होतं म्हणून वापरत असं मला नाही वाटत. होतं ते वापरत. त्यांचं अंगमेहनतीचं आयुष्य आणि बाबांची खुर्ची, ही तुलनाच चुकीची आहे. आणि आजी तेच तेल कच्चंही खायची, ठेच्यावर ओतून, भाकरीसोबत. ते मात्र मी विसरलो होतो.

आता रश्श्यात तेल नेमकं करतं काय? मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटपणा तेलात. हळदीचा रंग, जिऱ्याचा, लवंगेचा वास, बराचसा तेलातच उतरतो. म्हणून तेल अगदीच काढलं की रस्सा म्हणजे तिखट पाणी. बाबांना पहिले दोन महिने आम्ही तेच खायला घातलं.

दुसरी गोष्ट मला आईच्या बाजूला उभं राहून कळली. मसाला परतताना ती म्हणते, "तेल सुटू दे." तेल सुटणं म्हणजे कांद्या-भेदऱ्यातलं पाणी उडून गेलं. भेदरं म्हणजे टमाटर, पुण्याच्या मित्रांनो. पाणी आहे तोवर गंजातलं तापमान शंभरच्या आसपास राहतं. पाणी गेलं की ते भराभर चढतं, तेलाची खरी परीक्षा तिथे. मग आपण गरम पाणी ओततो आणि पुन्हा शंभर. म्हणजे पाऊण तास शिजणाऱ्या रश्श्यात तेलाला जास्त ताप होतो तो फोडणी आणि परतण्याच्या दहा-बारा मिनिटांत. तेवढ्यासाठी टिकाऊ तेल पाहिजे. बाकी वेळ ते निवांत असतं.

टिकाऊ कोणतं? आमच्याकडे फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं. त्याला स्वतःची चव आहे आणि मटणाच्या रश्श्याला ती शोभते. दुसरं, या मागच्या मिलचं. तांदूळ पॉलिश करताना जो कोंडा निघतो त्यातून राईस ब्रॅन तेल काढतात. कोंड्यातलं एन्झाइम तेल लगेच खराब करायला लागतं, म्हणून कोंडा ताजा असतानाच प्रक्रिया करावी लागते आणि तेल रिफाइन करावं लागतं. त्याला वास जवळजवळ नाही, धूर सहज दोनशेच्या पुढे. मासोळीच्या पातळ रश्श्यात, जिथे चिंच आणि सांबार पुढे यायला पाहिजे, तिथे मला हेच आवडतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीवालं नाही. आणि रिफाइंड म्हणजे विष वगैरे जे फॉरवर्ड येतात ना, ते सोडून द्या. रिफाइंडमध्ये वास आणि काही चांगले घटक जातात, पण फोडणीत ते शांत राहतं.

मोहाच्या तेलाबद्दल कोणी तरी विचारणारच. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे गेलं की अजून काही घरांत ते आहे. उन्हाळ्यात फुलं संपली की पावसाच्या तोंडावर टोळी पडतात, मोहाची बी, टोळ म्हणा, टोरी म्हणा, गावागणिक बदलतं. त्याचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं. गोठतं यावरूनच ओळखा, त्यात संपृक्त स्निग्धांश चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. परतायला ते उत्तम टिकतं, पण जंगलातलं आहे म्हणून हृदयाला चांगलं, असं होत नाही. ज्यांच्या घरी परंपरेने येतं त्यांनी खावं. स्टेंटवाल्या बाबांसाठी मी पुण्यातून ऑर्डर करणार नाही, एकदा हात पोळलाय. तुपाचं आणि पाम तेलाचंही साधारण तेच. वनस्पती तुपावर बोलतच नाही, त्यातल्या ट्रान्स फॅटवर एफएसएसएआयने १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली ती उगीच नाही.

आता हिशोब, कारण मला हिशोबाशिवाय झोप येत नाही. घरी माणसं तीन, आई, बाबा, आजी. महिन्याला तेल चार लिटर. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम. भागाकार केला तर माणशी रोज ४० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम, तूपसुद्धा त्यातच धरून. मी दोन महिने तेलाची जात बदलत बसलो होतो आणि ४० चा आकडा तसाच होता. जवस असो की फल्ली, एका ग्रॅमला नऊ कॅलरीच.

हे आईला कागदावर दाखवलं. ती म्हणाली, "मंग हे आधी सांगाचं नं बाप्पा, बाटल्या कायले पाठवल्या?"

उपाय तिनेच काढला. परतायला तेल जितकं लागतं तितकंच घेते, आधीपेक्षा थोडं कमी. मसाला चिकटायला लागला की तेलाऐवजी गरम पाण्याचा हबका. रस्सा झाला की गॅस बंद करून दहा मिनिटं थांबायचं, तर्री वर येते, मग ती वाटीत काढून घ्यायची. चव तर खाली उतरलेलीच असते. बाबांच्या वाटीत एक चमचा तर्री वरून, रंगापुरती. काढलेली तर्री फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीला तीच फोडणी. एकदाच, पुन्हा पुन्हा तापवायची नाही.

आणि जवस? ते परत आलं, पण कच्चं. भाजून वाटलेली जवसाची चटणी, कारण अख्खं जवस पोटातून तसंच बाहेर जातं. कधी वरण-भातावर अर्धा चमचा तेल, ताट वाढल्यावर. बाटली छोटी आणि फ्रिजमध्ये. त्यातला ओमेगा-३ शरीर माशातल्या प्रकारात फार थोडाच बदलू शकतं, तेव्हा मासोळी बंद करू नका.

आता महिन्याला अडीच लिटर लागतं, म्हणजे माणशी २५ च्या आसपास. बाबांचं कोलेस्टेरॉल खाली आलंय, पण त्यांना गोळी चालू आहे, त्यामुळे मी श्रेय तेलाला देणार नाही आणि तुम्हीही असं ऐकून कोणाची गोळी बंद करू नका. 

खालून हाक येतेय. आज रविवार आहे, गंज उतरवलाय आणि बाबा वाटी घेऊन बसलेत, एक चमच्यावरून आईशी वाद चालू झालाय. मी जातो. तुमच्या घरी महिन्याला किती तेल लागतं आणि माणसं किती, ते मला पाठवा, पुढच्या भागात सगळ्यांचा भागाकार करू.