सरकारास प्रश्न कसा विचारावा

लोकप्रतिनिधीनें प्रश्न विचारावा आणि सरकारनें त्याचें उत्तर द्यावें, ही गोष्ट आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु हा अधिकार आपल्या देशांत टप्प्याटप्प्यानें आला आहे. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलच्या सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. मात्र मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची सोय तींत नव्हती. ती सोय १९०९ सालच्या सुधारणांनीं दिली, आणि तीहि मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. उत्तर अपुरें असल्यास पुन्हां विचारण्यासाठीं १७ वर्षें थांबावें लागलें!

या उपप्रश्नाचें महत्त्व मोठें आहे. लेखी उत्तर कचेरींत बसून सावकाश तयार होतें; उपप्रश्नास मंत्र्यानें सभागृहांत उभें राहून तोंड द्यावें लागतें. सप्टेंबर २०२० मध्यें, कोविडची साथ जोरांत असतां, संसदेच्या अधिवेशनांत प्रश्नोत्तरांचा तास घेण्यांत आला नाहीं. लेखी उत्तरें चालू राहिलीं, पण तोंडी उपप्रश्न बंद झाले. ज्या काळांत आरोग्यखात्यास अधिकांत अधिक विचारावयाचें, नेमकी त्याच काळांतली ही गोष्ट होय.

पुढें १९२१ च्या नव्हे, तर २०२१ च्या उन्हाळ्यांत दुसरी लाट आली. प्राणवायूसाठीं माणसें शहरभर वणवण फिरलीं. २१ एप्रिल रोजीं नाशिक येथें महानगरपालिकेच्या एका रुग्णालयांत टाकीस गळती लागून प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला व किमान २२ रुग्ण दगावले. त्यानंतर २० जुलै रोजीं राज्यसभेंत प्रश्न आला, कीं प्राणवायूच्या तुटवड्यामुळें किती रुग्ण मरण पावले? तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार, ज्या स्वतः नाशिक जिल्ह्यांतून निवडून आलेल्या होत्या, यांचें लेखी उत्तर असें, कीं आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. आणि तुटवड्यामुळें झालेला म्हणून एकहि मृत्यु राज्यांनीं कळविलेला नाहीं.

या उत्तरानें देशांत संताप उसळला, आणि तो रास्तच होता. तथापि उत्तराची घडण नीट पाहावी. ‘असे मृत्यु झाले नाहींत’ असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. ‘कळविलेले नाहींत’ एवढेंच म्हटलें होतें. मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचें नांव लिहितात. उशाशीं असलेलें सिलिंडर रिकामें होतें, हें लिहावयास तेथें जागा नसते. ज्याची नोंदच होत नाहीं, तें सरकारच्या लेखीं घडतहि नाहीं.

मग प्रश्न व्यर्थ गेला काय? तसें नाहीं. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रानें राज्यांकडे अशा मृत्यूंची माहिती मागविली. आलेलीं उत्तरें समाधानकारक होतीं, असें म्हणवत नाहीं. परंतु वहींत जो रकाना नव्हता, तो एका प्रश्नानें आंखावयास लावला.

यावरून आपण बोध घ्यावा तो असा. राज्यघटनेनें सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयें व दवाखाने हे विषय राज्यांकडे सोंपविले आहेत. तेव्हां प्रश्न दिल्लींत विचारून थांबूं नये, विधानसभेंतहि विचारावा. आणि तो सैल नसावा. ‘आरोग्यसेवा समाधानकारक आहे काय?’ असें विचारल्यास ‘होय’ हें उत्तर ठरलेलेंच. सपाट प्रदेशांत ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागांत २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, असें सरकारचेंच प्रमाण आहे. तर मग विचारावें, कीं आमच्या तालुक्यांत अशीं केंद्रें किती? त्यांतील डॉक्टरांच्या किती जागा, कोणत्या तारखेपासून रिकाम्या आहेत? सर्पदंशावरील लस गेल्या वर्षीं किती दिवस शिल्लक नव्हती?

श्रोतेहो, आपल्या आमदारांस असा एक प्रश्न आपण पत्रानें कळवावा. तारीख आणि आंकडा मागणाऱ्या प्रश्नास बगल देणें कठीण असतें. आणि दिलीच, तर ती सर्वांस दिसते.