रेडिओच्या आधी रेकॉर्ड

ब्रिटनमध्ये पॉप संगीत रेडिओने घरोघरी नेलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारामुळे 1950च्या दशकात बीबीसीला मोजकेच तास रेकॉर्ड वाजवता येत. हे संगीत खऱ्या अर्थाने रुजवलं, ते खाऊचे पैसे साठवून रेकॉर्ड घेणाऱ्या मुलामुलींनी. 1952 साली ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने तिथे मिनिटाला 45 फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड आणली. लाखेची जुनी 78ची तबकडी हातातून निसटली की तुकडे व्हायचे. ही विनाइलची, हलकी, टिकाऊ. डॅन्सेटसारख्या पेटीवजा प्लेअरवर अशा रेकॉर्डी एकावर एक रचल्या की एक संपताच दुसरी आपोआप खाली पडे आणि नाच चालू राही.

कोणी म्हणेल, परदेशातून गाणी ऐकवणारं रेडिओ लक्झेंबर्ग होतंच ना? होतं, पण रात्रीचं, मध्येच विरणारं. त्यावरचं गाणं हवं तेव्हा पुन्हा लावता येत नसे, आणि नाचाची पावलं तर पुन्हा पुन्हा ऐकूनच बसतात. गाण्यांची लोकप्रियताही रेकॉर्डवरूनच मोजली गेली: विक्रीवर आधारलेली ब्रिटनमधली पहिली क्रमवारी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने नोव्हेंबर 1952मध्ये छापली, तीही दुकानांना फोन करून. बीबीसीचं पॉप संगीताचं केंद्र, रेडिओ वन, सुरू व्हायला मात्र 1967 उजाडलं.