उभ्या झाडाचे उत्पन्न आणि वणव्याची जोखीम

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात रानाचे मालक अनेक आहेत. राखीव वन वनखात्याचे, भीमाशंकर अभयारण्याचा भाग वन्यजीव विभागाकडे, डोंगरउतारावरचे मालकीचे रान सातबाऱ्यावर नाव असलेल्या महादेव कोळी कुटुंबांचे, गायरान गावाचे आणि देवराई देवाची. वणवा यांपैकी कुणाचीही हद्द पाळत नाही. त्यामुळे वनाच्या अर्थकारणाचा विचार करताना जमीन कुणाच्या नावावर आहे एवढे पाहून भागत नाही. झाड उभे राहिले तर पैसा कुणाच्या घरात येतो आणि जळाले तर खोट कुणाला बसते, हे पाहावे लागते. या दोन तालुक्यांत या प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याशी जुळत नाहीत.

सरकारी मालकीचा एक धागा याच मुलखातून जातो. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते आणि जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्याची बागही त्यांच्याच देखरेखीखाली होती. 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. सरकारला तेव्हा जहाजबांधणीसाठी सागवान हवे होते. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि त्यात स्लिपरांच्या मागणीची भर पडली. पुढे 1878 च्या कायद्याने राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. पहिले दोन वर्ग झपाट्याने भरले. ग्रामवन मात्र बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच राहिले. गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली, ती याच काळात. ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी फांद्या तोडण्यावरून इतका असंतोष माजला की 1885 मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. खात्याच्या हिशेबात झाडाचे मोल घनफुटात होते. पाला, गवत, फळ, मध ही रयतेला दिलेली सवलत होती, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. आजच्या पुष्कळ अडचणी या हिशेबातून आल्या आहेत.

घनफुटाच्या हिशेबाचे शास्त्र जर्मनीत तयार झाले. झाड किती वर्षांनी तोडावे म्हणजे जमिनीचे मोल सर्वाधिक येईल, याचे सूत्र मार्टिन फाउस्टमान या वनाधिकाऱ्याने 1849 मध्ये मांडले. व्याजाचा दर जितका जास्त, तितके झाड लवकर तोडणे फायद्याचे, असा त्याचा कल आहे. 1984 मध्ये विल्यम रीड यांनी त्यात वणव्याची जोखीम घातली. दरवर्षी आग लागून सारे जळण्याची जेवढी शक्यता, तेवढी भर जणू व्याजदरात पडते, असे त्यांनी दाखवले. याचा अर्थ आकड्यांत चांगला कळतो. साग साठ वर्षांनी तोडायचा आहे आणि व्याज 4 टक्के आहे, असे धरले तर तेव्हा मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत साडेनऊ पैसे येते. दरवर्षी शंभरात दोन वेळा रान जळण्याची शक्यता असेल तर दर 6 टक्के धरावा लागतो आणि तीच किंमत 3 पैशांवर उतरते. दोन-तृतीयांशाहून अधिक मोल नुसत्या भीतीने गेले. आता दरवर्षी फळ देणाऱ्या झाडाला हाच नियम लावला तर 4 टक्क्यांना त्याची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या पंचवीसपट येते आणि 6 टक्क्यांना जेमतेम सतरापट. घट होते, पण एक-तृतीयांशच. ज्याचा पैसा साठ वर्षांनी येतो त्या झाडावर वणव्याचा घाव दुप्पट खोल बसतो, आणि त्याची राखण करायला त्या साठ वर्षांत कुणाकडे पैसा नसतो. नव्वदच्या दशकात सागाच्या लागवडीवर स्वप्नवत परतावा देऊ करणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा हिशेब नव्हता; 1999 मध्ये सेबीला अशा योजनांसाठी नियमावली करावी लागली.

इमारती लाकडाच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावचा वाटा किरकोळ आहे. राज्याचे खरे सागवान चंद्रपूर-गडचिरोलीचे. इकडच्या वखारींत येते ते बांधावरचे आंबा, बाभूळ, लिंब, निलगिरी, सुबाभूळ. देशभरही चित्र असेच आहे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना कच्चा माल सरकारी जंगलातून न देता शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितले आणि लाकडाचा पुरवठा हळूहळू शेताकडे सरकला. तरी बांधावर साग, ऐन किंवा हिरडा लावण्यात शेतकऱ्याला रस का नसतो? 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत ही झाडे आहेत. स्वतःच्या बांधावरचे असले तरी तोडायला परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक परवाना. निलगिरी, सुबाभळीला ही कटकट नाही. झाडे वाचावीत म्हणून केलेल्या कायद्याने देशी झाड लावण्याची हौसच मारली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

मालकीच्या रानावर आणखी एक टांगती तलवार होती. 30 ऑगस्ट 1975 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने खाजगी वने सरकारजमा झाली. त्यापूर्वी निघालेल्या आणि पुढे काहीच कारवाई न झालेल्या नोटिसांच्या आधारे जमिनी वन ठरवता येतील का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात 2014 साली गोदरेज अँड बॉयस प्रकरणात मिटला. नुसती नोटीस काढून भागत नाही, असा निकाल लागला. जवळजवळ चाळीस वर्षे मालकी अधांतरी असेल तर झाड राखण्यापेक्षा विकून मोकळे होणे, हाच मालकाचा व्यवहार असतो.

आता वणवा. सह्याद्रीत उंच झाडांच्या शेंड्यांतून पळणारी आग सहसा लागत नाही; इथला वणवा जमिनीवरून चालतो. दिवाळीनंतर गवत वाळते, फेब्रुवारीपासून पानगळ साचते, घाणेरी आणि रानमोडीच्या जाळ्या कोरड्या ठणठणीत होतात. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात, म्हणजे हद्दीवरचा पट्टा मुद्दाम जाळून मोकळा ठेवायचा. आग बहुतेक वेळा माणसाच्या हातची असते. कुणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून उतार पेटवतो, कुणी मधासाठी टेंभा लावतो, कुणी शिकारीसाठी रान उठवतो, तर भाताच्या रोपासाठी भाजलेल्या राबातून ठिणगी उडते. अलीकडे गडांवर येणाऱ्या पर्यटकांच्या चुली आणि विड्या-सिगारेटी त्यात मिळाल्या. मोठे झाड बहुधा तगते, पण गुडघाभर वाढलेली रोपे दरवर्षी मरतात. वीस वर्षे असे चालले की रानात म्हातारी झाडे आणि गवत एवढेच उरते. जिथे मांडव दाट आहे, जसे आहुप्याच्या देवराईत, तिथे सावलीमुळे गवत वाढत नाही आणि आगीला सरपण मिळत नाही.

उपग्रहाची मदत आता मिळते. भारतीय वन सर्वेक्षणाकडून येणारा आगीचा इशारा थेट वनरक्षकाच्या मोबाईलवर पोचतो. त्यातला व्हीआयआयआरएस हा संवेदक सुमारे 375 मीटरचा चौकोन पाहतो. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, आणि गवताचा उतार दोन तासांत राख होतो. इशारा आल्यावर कड्याच्या कुशीतल्या जागी पोचेपर्यंत दुपार टळते. मग ओल्या फांदीने झोडपणे आणि असलाच तर ब्लोअर, एवढीच साधने हाती असतात. आग विझवते ती जवळची वाडी. ती आली नाही तर वणवा आपोआप विझेपर्यंत वाट पाहावी लागते.

वाडीने यावे यासाठी कायद्याने काय केले? 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 79 सांगते की ज्यांना वनात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. कलम 26 मध्ये आणखी एक तरतूद आहे: राखीव वनात कुणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ तहकूब करू शकते. म्हणजे आग एकाने लावायची आणि शिक्षा साऱ्या गावाला. आग प्रथम पाहणाऱ्याने गप्प बसावे, यासाठी याहून चांगली योजना सुचणे कठीण.

याउलट हिरडा पाहावा. बाळहिरडा म्हणजे आत कोय धरण्यापूर्वी उतरवलेले कोवळे फळ. एप्रिल-मे महिन्यांत माणूस झाडावर चढून काठीने फांद्या झोडपतो, खाली बायका-पोरे वेचतात, आणि खळ्यात नाही तर खडकावर पसरून फळ काळे, सुरकुतलेले होईपर्यंत वाळवतात. झाडावरच राहिले तर ते फुगून मोठा हिरडा होतो आणि त्याला भाव उतरता मिळतो. भात घरी खायला लागतो. रोख पैसा हिरड्याचा. लग्न, बियाणे, शाळेची फी त्यावर निघते. आणि हा हंगाम वणव्याच्या हंगामात नेमका येतो. फळ धरलेल्या झाडाखालून आग गेली तर त्या वर्षीचे उत्पन्न गेले. अशा उतारावर कुणी काडी टाकत नाही, आणि टाकलीच तर वाडी धावत येते. तिला कलम 79 वाचून दाखवावे लागत नाही.

मात्र हे उत्पन्न डळमळीत आहे. आदिवासी विकास महामंडळाची खरेदी ज्या वर्षी होत नाही, त्या वर्षी व्यापारी सांगेल तो भाव. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दोन्ही तालुक्यांत हिरड्याची झाडे उन्मळली आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. आंब्याच्या बागेला फळपीक विमा मिळतो. हिरड्याचे झाड सरकारी नोंदीत पीक म्हणून धड बसत नाही.

खाजगी मालकी हा यावरचा रामबाण उपाय मानणाऱ्यांनी पोर्तुगालकडे पाहावे. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक वने खाजगी आहेत. वारसांत वाटण्या होऊन तुकडे झाले, मालक शहरांत गेले, निलगिरीचे रान बेवारस वाढले आणि जून 2017 मध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात साठांहून अधिक माणसे मेली. फिनलंडमध्येही वने मोठ्या प्रमाणात कुटुंबांच्या मालकीची आहेत, पण तिथला मालक लाकडातून नियमित कमाई करतो आणि रानात येऊन-जाऊन असतो. दोन्हीकडे सातबारा खाजगीच. फरक राखणदारीचा आहे.

आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी संग्राहकांना आणि सामूहिक वनाची राखण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1809 हेक्टरवर असा हक्क मिळाला आणि 2011 पासून गावाने स्वतःच्या परवान्याने बांबू विकला. आंबेगाव-जुन्नरचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. इथल्या ग्रामसभांना तो मार्ग मोकळा आहे, आणि त्यांच्याकडे बांबूऐवजी हिरडा आहे.

या साऱ्यातून एकच मागणी करायची असेल तर ती अशी असावी: हिरड्याची हमी खरेदी आणि तिचा भाव सरकारने दरवर्षी 15 फेब्रुवारीपूर्वी, जाळरेषांचे काम संपण्याआधी जाहीर करावा, आणि सामूहिक हक्काचे दावे निकाली काढताना आग राखण्याच्या खर्चाची तरतूद थेट ग्रामसभेच्या खात्यात व्हावी.